तसं लिहून द्या

“असं करा शालनताई, इथं ‘बांबू हस्तकला’ लिहा.”

बेलसरे मॅडमनी माझ्या कागदावरचे दोन शब्द खोडले नाहीत, नुसते बोटानं झाकले. बोटाखाली ‘मयताचं सामान’ असं होतं.

“का?” मी विचारलं.

“परवा समितीपुढं जायचंय. हे शब्द वाचले की पुढचं कुणी वाचणारच नाही. बाकी सगळं तस्संच राहू दे. छान लिहिलंय तुम्ही.”

“पण मॅडम, मी मयताचंच सामान विकते.”

“मला माहितेय.” त्यांनी आवाज खाली आणला. “धंदा बदला म्हणत नाही मी. शब्द बदला म्हणतेय.”

ही दोन हजार नऊच्या ऑगस्टमधली गोष्ट. आमचं हरिपेठ म्हणजे सरहद्दीकडचं तालुक्याचं गाव, पण दवाखाना मोठा. कोकणातून, कर्नाटकातून पेशंट यायचे. त्या दवाखान्याच्या भिंतीला माझ्या सासऱ्यांनी बांबू टेकवून ठेवले, तेव्हापासून आमचा धंदा तिथंच. आम्ही बुरूड. सासऱ्यांच्या वेळी सुपं, टोपल्या, डालगी विणायचे, आणि कुणाचं मयत झालं तर तिरडी बांधून द्यायचे. पुढं प्लास्टिक आलं, सुपं-टोपल्या कुणी घेईना. तिरडी तेवढी राहिली. मी लग्न होऊन आले आणि तिच्या जोडीला बाकीचं ठेवायला लागले. पांढरं कापड, मडकं, सुतळी, शेणी, कापूर, गुलाल. दुकान म्हणायला चार बांबूंवर ताडपत्री. पाटी नव्हती. बांबू दिसले की माणसं थांबायची.

त्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. महिनाअखेर आमची ताडपत्री उठणार होती. नेमका त्याच वेळी गावातल्या एका महिला उद्योग न्यासानं एसटी स्टँडजवळ ‘महिला बाजार’ बांधला. बारा गाळे. दवाखान्यापासून चालत दोन मिनिटं. अट एवढीच की दहा दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, आपल्या धंद्याचं मिशन, व्हिजन आणि गोल लिहायचे आणि समितीपुढं उभं राहून वाचायचे. बारा गाळ्यांना आम्ही बाराच बाया होतो. म्हणजे गाळा मिळाल्यातच जमा, असं मी धरून चालले होते.

शिकवायला पुण्याहून मधुरा बेलसरे मॅडम यायच्या. मोठ्या कंपन्यांत शिकवणारी बाई, पण आमच्याशी बोलताना कधी वरून बोलल्या नाहीत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “प्रत्येकीनं एक वाक्य लिहा. माझा धंदा कशासाठी आहे?” मी लिहिलं, ‘ग्राहकांचा संतोष हेच आमचे ध्येय.’ कुठल्या तरी किराणा दुकानात वाचलेलं. मॅडमनी सगळ्यांचे कागद गोळा केले, नावावर हात ठेवला आणि एकेक वाचून विचारलं, “हे कुणाचं?” माझं वाचल्यावर मसाले करणाऱ्या शकिलाभाभी म्हणाल्या, “माझंच असणार.” साडीवाल्या उज्ज्वलाताई म्हणाल्या, “नाही, माझं.” सगळ्या हसल्या.

“बघा,” मॅडम म्हणाल्या, “हे वाक्य बँकेलाही चालेल आणि सलूनलाही. म्हणजे ते कुणाचंच नाही. नाव झाकलं तरी ते तुमचंच आहे हे कळलं पाहिजे. मिशन म्हणजे आज तुम्ही कुणासाठी काय करता. व्हिजन म्हणजे तुमचं काम जमलं तर हे गाव कसं दिसेल. आणि गोल म्हणजे तारीख घातलेलं काम. तारीख नसेल तर ती नुसती इच्छा.”

मी दहावी शिकलेली. त्यानंतर लिहिणं म्हणजे उधारीच्या वहीतली नावं. पण त्या दहा दिवसांत मी जेवढं खोडलं तेवढं शाळेतही खोडलं नव्हतं. शेवटी माझ्या कागदावर हे उरलं:

‘परगावच्या माणसाचं कुणी हरिपेठेत वारलं, तर काय काय लागतं हे त्याला दारोदार विचारत फिरावं लागू नये. मयताचं सामान एका ठिकाणी, एका भावानं, आणि समजावून सांगायला एक माणूस.’ हे मिशन.

‘दवाखान्याच्या दारात रडणाऱ्या माणसाला कुणी फसवणार नाही.’ हे व्हिजन.

आणि दोन गोल. दिवाळीपर्यंत सामानाची यादी मराठी, कन्नड आणि हिंदीत छापून फुकट वाटायची. पुढच्या पाडव्यापर्यंत आणखी दोन बायांना हे काम शिकवायचं.

याच कागदावर मॅडमनी बोट ठेवलं होतं.

घरी आल्यावर मी मालकांना सांगितलं. आमचे मालक तीनचाकी टेम्पो चालवायचे, आणि भाडं नसेल तेव्हा माझ्याजवळ बसून बांबू फोडायचे. शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“लिही की बांबू हस्तकला,” ते म्हणाले. “खोटं कुठाय त्यात? बांबूच हाय.”

“आणि दुकानात काय ठेवायचं?”

“चार सुपं टांगायची म्होरं. माघारी आपलं सामान.”

“माणूस आला की? आत बोलावून कानात सांगायचं?”

“कानात सांग. येणाऱ्याला तरी कुठं मोठ्यानं बोलायचं असतंय?” मालकांनी कोयता बाजूला ठेवला. “हे बघ शालन. पोरीच्या शाळेत मला इचारतात, काय करता? मी सांगतो, टेम्पो. बांबूचं नाव काढत न्हाई. काय बिघडलं? पोरगी वर्गात सुखानं बसती. महिनाअखेरीला ताडपत्री उठली की काय करणार हायस? पक्की जागा, वर छप्पर, शटर. आणि अडलंय कशावर? दोन शब्दांवर.”

त्यांचं चुकत नव्हतं. मी दुसरा कागद घेतला आणि सगळं पुन्हा उतरवलं, ‘मयताचं सामान’च्या जागी ‘बांबू हस्तकला’ घालून. पण मग पुढचं वाक्य जुळेना. वारलेल्या माणसाच्या घरच्यांना हस्तकला कशाला? म्हणून तेही बदललं. मग व्हिजन बदललं. शेवटी पाहिलं तर माझं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. तरी मी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. पहिलाही ठेवला.

समितीची वेळ गुरुवारी अकराची. सकाळी आठला मी ताडपत्रीखाली बसले होते, नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन. पाऊस नव्हता, पण हवा कोंदलेली होती. एक म्हातारे गृहस्थ दवाखान्याच्या दारातून बाहेर आले, डावीकडे गेले, परत आले, उजवीकडे गेले. हातात दवाखान्याचा एक कागद होता, त्याच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं. शेवटी बांबू बघून माझ्यापुढं थांबले.

“बाय, माका जरा सांग,” ते म्हणाले. “काय काय लागता?”

कोकणातले. देवगडकडच्या खेड्यातले. त्यांची बायको पहाटे गेली होती. घाटात दरड कोसळली होती, गाडी जाणार नव्हती, म्हणून इथंच करायचं ठरलं होतं. मुलगा मस्कतला. सोबत फक्त भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर.

“आमच्या वाडीत कोण गेला तर माणसां आपसूक येतत,” ते म्हणाले. “माका कधी बघूक लागला नाय. दारात एकान् ह्या सांगितल्यान्, दुसऱ्यान् त्या सांगितल्यान्. मगाधरना ह्याच लिवतंय.”

मी त्यांना बांबूच्या ओंडक्यावर बसवलं. एकेक सांगत गेले, ते लिहीत गेले. नवरा हयात असताना गेली म्हणजे सवाष्ण, तेव्हा पांढरं कापड नाही, हिरवं लुगडं. हिरवा चुडा. हळदी-कुंकू. ओटीचं सामान. ते प्रत्येक शब्द लिहून झाला की मान वर करून बघायचे, आणखी आहे का म्हणून. यादी संपली. त्यांनी कागद दोनदा वरून खाली वाचला.

“आणि बाय,” ते म्हणाले, “तिका आंघोळ कोण घालतला?”

“तुमच्यासोबत बाईमाणूस?”

“कोण नाय.”

रस्त्याच्या कडेला मालक टेम्पो घेऊन आले होते, मला न्यायला. हॉर्न वाजवत होते. मी घड्याळ बघितलं. साडेनऊ.

न्यासाच्या कार्यालयात मी पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बाहेरच्या व्हरांड्यात बाकी अकरा जणी बाकांवर बसल्या होत्या. त्यांचं झालं होतं, पत्रं मिळायची वाट बघत होत्या. ब्युटी पार्लरवाली प्राजक्ता माझ्याकडे बघून म्हणाली, “अहो, किती उशीर! आत जा पटकन्.”

आत टेबलाच्या पलीकडं तिघं होती. न्यासाचे अध्यक्ष मगदूम साहेब, बँकेतून निवृत्त झालेले फणसळकर, आणि बेलसरे मॅडम. कोपऱ्यात टायपिंगला एक मुलगी.

मगदूम साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत.

“पावसात सापडला काय?”

“नाही साहेब.”

“बसा. हां, तुमचं ते बांबूचं ना? मॅडमनी सांगितलंय आम्हाला. द्या कागद.”

पिशवीत दोन कागद होते. दवाखान्यातून टेम्पोत बसून येताना मी त्यातल्या एकावर खाली एक ओळ वाढवली होती. तोच काढून दिला.

मगदूम साहेब वाचायला लागले. दुसऱ्या ओळीवर थांबले, मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. साहेब पुढं वाचत गेले आणि शेवटच्या ओळीपाशी आले. ती त्यांनी मोठ्यानं वाचली.

“‘मयत बाईचं असेल आणि सोबत बाईमाणूस नसेल, तर आंघोळ आम्ही घालू. आजपासून.’ हे काय आहे?”

“गोल आहे, साहेब. तारीख घातलीय.”

“आजपासून म्हणजे?”

“आज साडेनऊपासून.”

फणसळकरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मगदूम साहेबांची खुर्ची किंचित मागं सरकली. मॅडम माझ्या साडीच्या काठाकडं बघत राहिल्या.

“सत्यभामा नाव त्यांचं,” मी म्हणाले. “दवाखान्यामागं शेड आहे, तिथं नळ आहे. नवरा दाराबाहेर पाठ करून उभा होता. मी पहिला तांब्या भरला तर बाहेरून म्हणाला, ‘तिका थंड पाणी सोसत नाय.’ मग चहाच्या गाड्यावरनं गरम पाणी आणलं. दोन कळशा. म्हणून उशीर झाला.”

टायपिंगवाली मुलगी पदरानं डोळे पुसत होती.

मग मगदूम साहेबांनी घसा साफ केला. “ताई, तुमचं काम मोठं आहे. अगदी मनापासून सांगतो. येत्या वर्धापनदिनाला तुमचा सत्कार करू आम्ही. शाल, श्रीफळ, सगळं.”

“सत्कार नको, साहेब. गाळा द्या.”

“तेच सांगतोय. गाळ्याचं वेगळं असतं. तुमच्या एका बाजूला साड्यांचा गाळा येणार, दुसऱ्या बाजूला पार्लर. तिथं लग्नाच्या नवऱ्या येणार नटायला. आणि मध्ये तुमचं ते...” त्यांनी हातानं काहीतरी आडवं दाखवलं. “तुम्हीच विचार करा.”

“मला कडेचा द्या. मागच्या बाजूचा.”

“अहो, प्रश्न बाजूचा नाही.” त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. “आम्ही तुमच्यासाठी तयार करून ठेवलंय. ‘पारंपरिक बांबू हस्तकलेतून घरोघरी सौंदर्य पोचवणे.’ यावर सही करा. बारा नंबरचा गाळा, आत्ता, या क्षणी. नंतर तुम्ही आत काय ठेवता ते बघायला आम्ही येणार नाही.”

मालकांनी सांगितलं होतं तेच. रस्त्यावर टेम्पोत ते बसले होते, गाळ्याचं पत्र घेऊन मी बाहेर येईन म्हणून. पेन माझ्यापुढं ठेवलेलं होतं. मी वाक्य पुन्हा वाचलं.

“मॅडम,” मी म्हणाले, “तुम्ही शिकवलंत, नाव झाकायचं आणि वाचायचं. यावरचं नाव झाकलं तर ही बाई कोण आहे हे सांगता येईल तुम्हाला?”

मॅडमनी तो कागद स्वतःकडं ओढला, वाचला आणि परत सरकवला.

“मला तर नाव न झाकताही ओळखू येत नाही. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत मी साधी परडी विणलेली नाही. सौंदर्य मी कुणाच्या घरी पोचवलं नाही. ज्याच्या घरी मी जे पोचवते, ते त्या दिवशी त्याला दुसरं कुणी देत नाही. ते लपवून विकायचं असेल तर हा म्हातारा मला शोधणार कसा? सुपं टांगलेल्या दुकानात येऊन तो विचारेल, इथं तिरडी मिळते का?”

“मग नाइलाज आहे,” मगदूम साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज कोरडा झाला होता. “या तुम्ही.”

“येते. तसं लिहून द्या.”

“काय?”

“गाळा नाकारला, आणि का नाकारला. तुमच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी.”

“त्याची काही गरज नाही.”

“मला आहे. तुम्ही माझ्याकडनं मिशन, व्हिजन आणि गोल लिहून घेतले. दहा दिवस लागले मला. तुम्हाला एकच वाक्य लिहायचंय.” मी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. “मी बसते.”

त्यांना वाटलं पाच मिनिटांत उठेन. मी उठले नाही. ओल्या साडीत मला थंडी वाजत होती, पण मी हलले नाही. शेवटी मगदूम साहेब वैतागून टायपिंगवाल्या मुलीला म्हणाले, “लिहा. ‘आपला व्यवसाय अशुभ असल्याने’...”

“थांबा,” फणसळकर म्हणाले. आयुष्यभर बँकेत कागद बघितलेला माणूस. “न्यासाच्या कागदावर अशुभ हा शब्द? उद्या हा कागद कुठं जाईल सांगता येतं का? आपल्या नियमात असं काही नाही.”

मुलीनं कागद मशीनमधून ओढून काढला.

“बरं. ‘जागेच्या अभावी.’”

“गाळे बारा, बाया बारा,” फणसळकर म्हणाले.

दुसरा कागद निघाला.

“‘अर्ज अपूर्ण असल्याने.’”

“अर्ज पूर्ण आहे.” हे मॅडम बोलल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा. “बारांमधला सगळ्यात पूर्ण अर्ज हाच आहे. बाकीच्यांनी गोलला तारखासुद्धा घातलेल्या नाहीत.”

“तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?” मगदूम साहेबांनी विचारलं.

मॅडमनी टेबलावरचं पाण्याचं भांडं उचललं, पाणी प्यायल्या आणि भांडं खाली ठेवलं.

एक वाजत आला तेव्हा कागद तयार झाला. ‘अन्य गाळेधारक भगिनींच्या भावना विचारात घेऊन आपला अर्ज नाकारण्यात येत आहे.’ मगदूम साहेबांनी सही केली. फणसळकरांनी केली. मॅडमसमोर कागद आला तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवलं.

“मी नाही करत,” त्या म्हणाल्या.

“दोन सह्या पुरतात,” मगदूम साहेब म्हणाले.

मी कागद घेऊन बाहेर आले. व्हरांड्यात अकराही भगिनी बसल्या होत्या. आतलं थोडंफार त्यांच्या कानावर गेलं असावं, सगळ्या माझ्या हातातल्या कागदाकडं बघत होत्या. मी मध्ये उभी राहिले आणि ते वाक्य वाचून दाखवलं.

“यात तुमच्या भावना लिहिल्यात,” मी म्हणाले. “मला कुणी विचारलं नाही, तुम्हालाही नसेल. म्हणून मी विचारते. माझ्या शेजारी बसायला जिची हरकत नाही, तिनं यावर मागच्या बाजूला सही करावी. हरकत असेल तर करू नये. मी राग धरणार नाही.”

शकिलाभाभी उठल्या. “आण इकडं,” म्हणाल्या आणि बाकावर कागद ठेवून सही केली. “माझ्या सासूच्या वेळी कफन आणायला मीच गेले होते. सगळ्यांनाच लागतंय.” मग शिलाई काम करणारी एक, मग पापडवाली. चौथी एक अगदी गप्प बसणारी, लोणच्याची. मग कागद थांबला.

साडीवाल्या उज्ज्वलाताई खिडकीबाहेर बघत होत्या. प्राजक्ताचे डोळे भरले होते.

“शालनताई, मला तुमच्याबद्दल काही नाही हो,” ती म्हणाली. “पण माझं गिऱ्हाईक नाही यायचं. मी कर्ज काढलंय.”

“खरं बोललीस,” मी म्हणाले. “आत सकाळपासून एवढं खरं कुणी बोललं नाही.”

मी पुन्हा आत गेले. कागद उलटा करून मगदूम साहेबांसमोर ठेवला. त्यांनी सह्या मोजल्या.

“चार,” ते म्हणाले. “अकरांत चार म्हणजे बहुमत नाही.”

“माहितेय. गाळा मागायला आले नाही मी. तुम्ही ‘अन्य गाळेधारक भगिनी’ असं लिहिलंय. ते चूक आहे. ‘अन्य सात’ असं करा.”

“ताई, आता पुरे!”

“सात करा साहेब. चौघींच्या नावावर तुम्हाला माझं दुकान नाकारता येणार नाही.”

फणसळकरांनी हळूच कागद ओढून घेतला, ‘अन्य’ शब्दापुढं पेनानं ‘सात’ घातलं आणि तिथं बारीक सही केली. मला वाटतं त्यांना ते हिशेबात बरोबर वाटलं असावं.

मी टेम्पोत येऊन बसले. मालकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या कागदाकडं बघितलं. वाचला. गाडी सुरू केली नाही.

“दोनच शब्द होते,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि सह्या कसल्या घेतल्यास?”

मी सांगितलं. सत्यभामाबाईंचंही सांगितलं. सकाळी ते हॉर्न वाजवत होते तेव्हा मी कुठं गेले होते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, सामान पोचवायला आत गेलेय आणि तिथंच नळाला साडी भिजली. त्यांनी ऐकून घेतलं, कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि गाडी सुरू केली.

बारा नंबरचा गाळा पुढं एकानं बायकोच्या नावावर घेतला आणि मोबाइलची कव्हरं विकायला लागला. पुढच्या वर्षी न्यासानं शिकवायला दुसऱ्या मॅडम आणल्या. बेलसरे मॅडमचं एक कार्ड दिवाळीत आलं, त्यात फक्त एवढंच होतं: यादी छापली का? छापली होती. कन्नड भागात दोन चुका राहिल्या होत्या, त्या मल्लाप्पा नावाच्या एका माणसानं आईच्या मयताच्या दिवशी, रडत रडत, दुरुस्त करून दिल्या. आज तीन गावांत आमची दुकानं आहेत आणि सात बाया काम करतात. पण हे सगळं नंतरचं.

महिनाअखेर तीन दिवसांवर आली होती आणि आम्हाला जागा नव्हती. मालक आणि मी गल्ल्या धुंडाळत होतो. चार ठिकाणी नाही म्हणाले. कसलं दुकान म्हणून विचारायचे, मी सांगितलं की दार लागायचं. दरवेळी मालक दोन पावलं मागं उभे राहायचे, मान खाली घालून. मला बोलू द्यायचे, पण माझ्याजवळ यायचे नाहीत.

पाचवी जागा दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होती. पंक्चर काढायचं बंद पडलेलं दुकान. जागा पिरजादे नावाच्या गृहस्थांची; साठीचे, ते दारातच स्टुलावर बसून बिडी ओढत होते.

“जागा द्यायचीय का?” मी विचारलं.

“द्यायचीय. कसलं दुकान?”

मी श्वास घेतला. “मयताचं सामान.”

पिरजाद्यांनी बिडी विझवली. उठले, आत गेले, वर छताकडं बघितलं, मग भिंतीकडं. आम्हाला वाटलं, गेलं हेही.

“पत्रा गळतोय त्या कोपऱ्यात,” ते आतून म्हणाले. “तुमचा माल भिजायला नको. बांबू उभे ठेवणार का आडवे?”

मी मालकांकडं बघितलं. ते दोन पावलं पुढं आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

“उभे.”